खळ्यावरची खुंटी

नाही हो साहेब, मी कुठे नाही म्हणतोय — म्हणजे नाहीच म्हणतोय, पण तुम्ही आधी बसा. उभ्या माणसाशी बोलायचं म्हणजे मान वर करावी लागते, आणि माझी मान हल्ली वर जात नाही, गेली तर लवकर खाली येत नाही. बसा ह्या बाजेवर. मधे नको, कडेला — मधली दोरी सैल पडलीय, बसलेला माणूस खड्ड्यात जातो. हां. आणि ते बूट — काढलेत? काढलेतच. बघा, मागच्या खेपेलाही तुम्ही न सांगता काढले होते. आमची ही तेव्हाच म्हणाली, पोरगा चांगल्या घरात वाढलाय, नोकरी वाईट लागली एवढंच. नाही, रागावू नका, तिला तुम्ही मावशी म्हणालात ना, म्हणून बोलली. मावशीला तेवढा हक्क असतो. त्या मशीनवाल्याला मात्र हाक मारू नका. झोपलाय बिचारा आत, तोंड उघडं टाकून. मशीन रस्त्यावर उभं आहे ना? मग राहू दे उभं. रस्ता सरकारचा, खळं आमचं.

खुंटी? आहे की. बाजेखालीच आहे, वाका थोडं, दिसेल — लाल डोक्याची. तुम्ही ठोकलीत तिथेच. मी हात लावलेला नाही, कुणाला लावू दिलेला नाही, परवा एका बकरीनं हुंगली तेवढंच, तिलाही आवडली नाही. मी फक्त वर बाज टाकली. आता बाज टाकायला काय कुणाची परवानगी लागते? माणूस म्हातारा झाला की बाज कुठेतरी टाकावीच लागते. घरात टाकली तर पायात येते, दारात टाकली तर येणाजाणाऱ्यांच्या पायात येते. इथे टाकली — तर तुमच्या टॉवरच्या पायात आली. त्याला माझा इलाज नाही.

बाकीचे तिघं येतील ना. येतीलच. खळं चौघांचं आहे — मी, माझा धाकटा भाऊ, तो पलीकडचा गवंडी, आणि वरच्या अंगाला राहतो तो टोपीवाला, त्याला टोपीशिवाय त्याच्या बायकोनंही पाहिलेला नाही. चौघांचं आहे, तर चौघं येणार. ठरलंय आमचं. शाळेच्या ओट्यावर सगळं गाव बसलं होतं, तेव्हा टोपीवाल्यानं टोपी हातात घेऊन सांगितलं — म्हणजे तेव्हा सगळ्यांनीच पाहिला त्याला बिनटोपीचा — की बाबांनो, ही तार एकाच्या शेतावरून गेली तर सगळ्यांच्या शेतावरून गेली असं समजायचं. माना डोलावल्या सगळ्यांनी. माझ्या धाकट्यानं तर सगळ्यात जोरात डोलावली. येतील. उन्हं जरा चढू द्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे ह्या गोल जमिनीत. झाड नाही, पीक नाही, गवताची काडी नाही. तुमच्या त्या वरून फोटो काढणाऱ्या यंत्रालाही तेच दिसलं असणार — सगळीकडे हिरवं हिरवं आणि मधेच एक टक्कल. त्याला वाटलं असेल पडीक आहे. पडीक! साहेब, गवत उगवू नये म्हणून जेवढे कष्ट ह्या जमिनीवर घेतलेत, तेवढे बाजूच्या शेतात पीक यावं म्हणून घेतलेले नाहीत. माझ्या बापानं, त्याच्या चुलत्यानं, गवंड्याच्या आजोबानं माती खणून ओली केली, तिच्यावर बैल फिरवले, मग बायकांनी चोपण्यानं चोपली — चोपणं म्हणजे ते लाकडाचं, हाताएवढं, त्यानं बडवून बडवून जमीन बसवतात — मग वरून शेणाचा काला घालून सारवली. दर साली पुन्हा चोपायची, पुन्हा सारवायची. मूल न्हाऊ घातल्यासारखं. म्हणून मग दाणा पडला तर दाणाच राहतो, मातीत जात नाही. आता मळणीचं यंत्र आलंय, माहीत आहे मला, गव्हाला आम्हीही बोलावतो. पण हरभरा यंत्रात घातला की अर्धा फुटतो, डाळ होऊन बाहेर येतो. तो इथेच येतो अजून. चार घरांचा. चार ढिगांत.

आणि इथे काही नियम आहेत. लिहिलेले नाहीत — लिहिलेले असते तरी मला वाचता आले नसते. खळ्यावर पायात काही घालून यायचं नाही, हा एक, तो तुम्हाला आपसूक ठाऊक होता. खळ्यावर थुंकायचं नाही. आणि खळ्यावर रुसायचं नाही. हसू नका, हा सगळ्यात मोठा. घरी भांडा, बांधावर भांडा, विहिरीवर एकमेकांची भांडी लाथाडा, पण एकदा खळ्यात पाऊल टाकलं की बोलायचं. नुसतं ‘ओढ रे ते पोतं’ एवढं का होईना, पण बोलायचं. कारण दाणा आणि भूस वेगळं करताना दोघं लागतात — एक टोपलीनं वरून सोडतो, दुसरा वारा बघून सांगतो आता सोड, आता थांब. न बोलता कसं होणार? माझं आणि धाकट्याचं वाटण्या झाल्यापासून पटत नाही. का पटत नाही ते विचारू नका, दोघांनाही आता नीट आठवत नाही, नुसता न पटण्याचा रिवाज पडलाय. शेत वाटलं, घर वाटलं, मधे भिंत घातली, बैल वाटले — एक त्याला एक मला, दोन्ही बैल महिनाभर हंबरत होते. खळं मात्र वाटता आलं नाही. गोल आहे ना. गोल वस्तू दोघांत तरी कशी वाटणार, आणि आम्ही तर चौघं. तेवढंच राहिलं. साहेब, मी तुम्हाला खरं सांगतो, वर्षातून हरभऱ्याचे ते काही दिवस सोडले तर मी माझ्या सख्ख्या भावाचा आवाज भिंतीपलीकडूनच ऐकतो. तो खोकतो. मग मी खोकतो. तेवढंच काय ते.

नाही, भरकटत नाही मी. तुम्ही घाईत आहात, कळतंय. तुमच्या वरच्याला घाई, त्याच्या वरच्याला त्याहून घाई, तुमच्या टॉवरसारखंच आहे ते, वर वर निमुळतं होत जातं आणि सगळा भार खालच्या पायावर. तुम्ही खालचा पाय आहात. मला तुमचा राग नाही. पण घाईत असलेल्या माणसानं म्हाताऱ्याला काही विचारू नये, विचारलंत तर आता ऐका.

तारेचं काय वाईट आहे? हेही ऐका. माझी थोरली बहीण दिली त्या गावावरून अशीच लाइन गेलीय. मी तिच्याकडे जाऊन राहिलोय. पहाटे दव पडलं की तारा गुणगुणतात — गुणगुणतात म्हणजे गोड नाही, मधमाश्या पोळ्यात अडकल्यासारखं. बहीण म्हणते सवय होते. मग म्हणते, झोप येत नाही. आता ह्या दोन गोष्टी एकाच तोंडातून आल्या, मी काय समजायचं? तिच्या शेतात तारेखाली पत्र्याची बादली धरली तर बोटाला मुंगी चावल्यासारखं होतं, असं ती म्हणते. मला नाही झालं. खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम धरून बघितली, नाही झालं. पण तिला होतं, आणि बादली तिला रोज धरायची आहे, मला नाही. तिच्या बांधावरची झाडं तोडली, म्हणाले उंच वाढतील. पुन्हा लावायची नाहीत म्हणाले. विहीर खणायची म्हटलं तर विचारून ये म्हणाले. तिचा नवरा सांगत होता, मेव्हण्या, शेत माझं आहे पण आता वर छप्पर दुसऱ्याचं आहे. आणि संध्याकाळी त्यांच्याच घरात दिवा मिणमिण करतो नि जातो. ती लाइन त्यांच्यासाठी नाहीच. दारावरून वरात चाललीय, वाजंत्री वाजतेय, धूळ आपल्या डोळ्यांत — आणि आपल्याला बोलावणंच नाही. असं आहे ते.

हो, लोकांना वीज लागते. मी कुठे म्हटलं लागत नाही? मलाही लागते. दवाखान्यात लागते, तेही कबूल. तिथवर जाईल ना तार कुठून तरी. ती पलीकडची टेकडी आहे, तिच्यावर कुणी राहत नाही, कुणी पेरत नाही. लांब पडतं म्हणता? लांब पडतं ते तुम्हाला. जवळ पडतं ते आम्हाला. आमच्या जवळ टाकायचं म्हणजे तुमचं लांब वाचतं, एवढाच ना तो हिशेब?

बरं, आता मला एक सांगा. ही खुंटी आधी इथे होती का? नव्हती. ती होती तिकडे, त्या बांधापलीकडे, माझ्या कांद्याच्या तुकड्यात. बरोबर? तुम्ही स्वतः मोजमाप करून ठोकली होती. मला राग आला होता, नाही असं नाही, पण माझ्या एकट्याचा राग होता, मी तो सांभाळत होतो. मग तुम्ही पुन्हा आलात, ती लांब सळई घेऊन. सळई जमिनीत घातलीत आणि ती आपली जातच राहिली, लोण्यात सुरी जावी तशी. तुम्ही तोंड वाकडं केलंत. कुणाला तरी फोनवर म्हणालात, भुसभुशीत आहे, खर्च वाढेल. मी तिकडे बाजेची दोरी ओढत बसलो होतो, मला ऐकू आलं. बरं वाटलं मला. म्हटलं, शाब्बास माझ्या मातीची. पहिल्यांदा मऊपणाचा उपयोग झाला.

आणि मग तुम्ही पाणी मागितलंत. ऊन होतं. दिलं पाणी. तेवढ्यावर — तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

कुणी म्हणजे? कुणी नाही. मी म्हणतोय, पाणी पिऊन माणूस जातो. तुम्ही थांबलात. बोलत बसलात. तुमची आई अशीच तांब्या घासते म्हणालात. म्हाताऱ्या बाईला असं बोललं की — तिला काय, दिवसभर माझंच तोंड बघायचं, मी आधीच कमी बोलणारा. आज बोलतोय तो भाग वेगळा. तुम्ही म्हणालात, काय मावशी, इकडे सगळी जमीन अशीच मऊ का? आता तुम्ही विचारलंत ते तुमच्या कामासाठी. तिला वाटलं तुम्ही हिणवताय. ती दर साली ह्या खळ्यावर उकिडवी बसून सारवते, जाऊबाई पाणी ओतते आणि ही सारवत मागे सरकते, गुडघे गेले तिचे ह्या जमिनीपायी. त्या जमिनीला कुणी मऊ म्हटलेलं तिला कसं चालेल? ती म्हणाली — मला शब्द पाठ आहेत — म्हणाली, मऊ? या तुम्हाला दाखवते कठीण कशाला म्हणतात. आणि मुसळ घेऊन आली घरातून. ह्या इथे, मधोमध, दाणकन आपटलं. खूण उठली नाही. तुम्ही वाकून हात फिरवलात, आणि ती अशी बघत होती, जशी — जाऊ द्या. लग्नानंतर पहिली भाकरी फुगली तेव्हा अशी बघितली होती. मीही हसलो. मी तिथून ओरडलो, अगं जोरात मार, म्हातारी झालीस का? तिनं आणखी जोरात मारलं.

दुसऱ्या दिवशी खुंटी इथे.

मी हे सांगणार नव्हतो तुम्हाला. म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्ही होतातच की तिथे. पण तुम्हाला पुढचं ठाऊक नाही. तुम्ही खुंटी ठोकून गेलात जीपमधून. संध्याकाळी सगळे इथे जमले. खुंटी बांधाच्या त्या बाजूला काल, ह्या बाजूला आज. माझ्या शेतातून निघाली आणि चौघांच्या खळ्यात आली. गवंड्याच्या बायकोनं मुसळ बघितलं होतं, तिनं सांगितलं. तिच्या मनात वाईट नव्हतं, तिनं नुसतं काय दिसलं ते सांगितलं. आणि माझा धाकटा — इथे, ह्या खळ्यावर उभा राहून, साहेब — म्हणाला, वहिनीनं आपला कांदा वाचवला आणि सगळ्यांचं खळं दाखवून दिलं.

नाही, बरोबर आहे, कुणाच्याही मनात येईल. माझ्या नसतं आलं का? आलं असतं. पण हा खळ्यावर बोलला. भांडायचं तर बांधावर जायचं होतं. आणि हिच्या हातात झाडू होता. तिनं तो झाडू हळूच टेकवून ठेवला, तो बघा, अजून तिथेच आहे, त्या दगडाला, आणि पायात चपला घालून घरी गेली. कडेला उभं राहून नाही घातल्या, हातानं आत ओढून इथेच घातल्या, खळ्यात. इतक्या वर्षांत मी तिला खळ्यात चप्पल घातलेली बघितली नव्हती. तेव्हापासून आलेली नाही. हरभरा उपटून शेतात वाळत पडलाय, खळं सारवायला हवं, मी रोज म्हणतो चल, ती म्हणते माझे गुडघे दुखतात. गुडघे आधीही दुखत होते. स्वयंपाकघराच्या दारातून खळं सरळ दिसतं, तर आता ती पाठ करून बसते. चुलीकडे तोंड. उद्या तुमचा टॉवर इथे उभा राहिला तर साहेब, तो पाठीनं बसून झाकणार आहे का? तो सगळ्या गावाला दिसणार. वर बघितलं की दिसणार. लोक विसरतील कसा आला, पोरं विचारणार सुद्धा नाहीत, पण हिला रोज भाकरी टाकताना वाटणार, मी मुसळ आपटलं म्हणून हा इथे आहे.

एवढंच आहे माझं. एवढ्यासाठी बसलोय. तारेबिरेचं बाकी सगळं खरं आहे, बहिणीचं खरं आहे, पण मला उठायला लावायचं असेल तर ह्याचं उत्तर द्या. खुंटी कुणी हलवली? तिनं हलवली? तिनं जमीन दाखवली. आपल्या घरी आलेल्या माणसाला आपली चांगली वस्तू दाखवतात, तशी दाखवली. हलवली तुम्ही. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, की ही घे? नाही ना? मग हे माझ्या भावाला सांगायला तुमचं तोंड का उघडलं नाही? तुम्ही गेला होतात ना त्याच्याकडे?

गेला होतात. मला माहीत आहे. ओसरीवर बसला होतात, भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला. गवंड्याकडेही गेलात. टोपीवाल्याकडे तर दोनदा. त्यांनी अंगठे दिलेत, तेही मला माहीत आहे. नाही, तो कागद काढू नका, राहू दे पिशवीत, मला काय कळणार त्यातलं. येतील म्हणालो ना मी — ते असंच म्हणालो. कुणी येणार नाही. म्हाताऱ्यानं उगीच चार माणसांचा धाक घालून बघितला तुम्हाला. तुम्ही घाबरला नाहीत, बरं केलंत. मी एकटाच आहे. मी आणि बाज.

काय म्हणालात? पुन्हा सांगा.

अस्सं. म्हणजे त्यांनी अंगठे ह्यावर दिले, की खळं सोडा आणि परत म्हाताऱ्याच्या कांद्यात घाला. खर्च वाढला तरी चालेल म्हणतात तुमचे वरचे. मी हो म्हटलं की झालं. खळं वाचलं, भावाचं तोंड बंद, हिच्या डोक्यावरचं ओझं गेलं. तुम्हीच सुचवलंत? चांगल्या मनानं सुचवलंत, दिसतंय मला. डोळे खाली आहेत तुमचे.

आता तुम्हाला गंमत सांगतो. हे माझ्या डोक्यात आधीच आलं होतं. मी तिला म्हटलंसुद्धा, जेवताना. म्हटलं, आपल्याच तुकड्यात घेऊ या तो राक्षस. कांदा नाही तर नाही. आपल्याला आता किती कांदा लागतो, दात आहेत कुठे. माझं काय, त्याचे चार पाय जमिनीत, नांगर वळसा घालून नेईन. तुझं नाव तरी मोकळं होईल. तर ती घास खाली ठेवून म्हणाली, म्हणजे मी चोरी केली होती म्हणून परत करायची का? मी म्हटलं, तसं नाही. म्हणाली, तसंच आहे. चोरानं वस्तू परत आणून दिली की लोक म्हणतात चांगला चोर. मला चांगला चोर व्हायचं नाही. आणि जेवली. मी नाही जेवलो, ती जेवली. तेव्हा मला कळलं ही खचलेली नाही, ही रुसलीय. खचलेल्याला धीर देता येतो. रुसलेल्या माणसापुढे तुमचं सरकारही टिकत नाही, मी तर नवरा.

तेव्हा साहेब, इथे नाही. आणि तिथेही नाही. धाकट्याच्या विहिरीजवळही नाही, जरी त्यानं माझ्या कांद्यावर अंगठा दिला असला तरी — शाळेच्या ओट्यावर मी पण मान डोलावली होती, माझी मान एकदा हलली की लवकर परत फिरत नाही, सांगितलं ना. तुम्ही पोलीस आणा. आणा. त्यांना म्हणावं बाजेसकट उचला, फक्त मधे धरू नका, दोरी तुटेल. चौघं लागतील. घरच्या चौघांनी उचलायची ती बाज पोलिसांनी उचलली एवढाच फरक. मी हात उगारणार नाही, शिवी देणार नाही, मला येत नाहीत चांगल्या शिव्या. सोडलंत की परत येऊन बसेन. मला दुसरं काम नाही. तुम्हाला मात्र आहेत कामं. ह्या बाबतीत मी तुमच्यापेक्षा श्रीमंत आहे.

थांबा. जरा गप्प बसा.

नाही, तिकडे — तुमच्या पाठीमागे. वळून बघू नका एकदम. ती लाजेल.

बादली आहे ना हातात? माझे डोळे लांबचं नीट सांगत नाहीत. बादलीच आहे. आणि तिच्यामागे निळ्या लुगड्यात कोण, डोक्यावर घागर — ती जाऊबाई. धाकट्याची बायको. हिनंच हाक मारली असणार तिला. हीच गेली असणार त्या दारात. बघा, चाललीय कशी, गुडघे दुखणारी बाई. आणि तो मागं रेंगाळतोय तो कोण ओळखा. खांद्यावर चोपणं घेऊन. हातात धरायची वस्तू खांद्यावर घेतलीय, कुऱ्हाड असल्यासारखी, म्हणजे बायकोनं पाठवलं असं दिसायला नको. आता उभा राहिला कडेला. झाडाकडे बघतोय. त्या झाडात बघण्यासारखं काही नाही, साहेब, साठ वर्षं मी ते झाड बघतोय. चपला काढायच्या की नाही ते ठरत नाहीये त्याचं. काढल्या तर आत यावं लागेल, आत आला तर बोलावं लागेल.

काढ रे. उन्हात कशाला उभा आहेस.

काढल्या. बघितलंत?

काय गं? हां, उठतो. साहेब, उठायला लागेल. मला पण. तुमच्यासाठी उठणार नव्हतो, पोलिसांसाठी नव्हतो उठणार, पण आता सारवायचं म्हणजे मधून सुरुवात करायची असते आणि कडेकडेला मागे सरकायचं असतं, आणि मधे आपण दोघं बसलोय. धरा ती बाज तिकडून. मधे नको म्हटलं ना, कडेला धरा. धाकट्या, तू धर रे, त्यांना सवय नाही. हां, अशी. ठेव तिकडे, बांधावर.

अगं, तशी नाही निघायची ती, खोल ठोकलीय — डावीउजवीकडे हलव आधी. धाकट्या, चोपण्याची एक दे बाजूनं. हळू. हां. निघाली. भोक बुजव ते, ओली माती घाल, दाब. मग चोप.

घ्या साहेब. तुमची वस्तू. पुसून दिलीय तिनं पदरानं, बघा. दुसऱ्याची वस्तू आम्ही ठेवून घेत नाही. पिशवीत घाला, त्या कागदाशेजारी. आणि आता असे कडेकडेनं निघा, त्या बाजूनं नको, तिकडे पाणी ओतलंय. बूट बाहेर गेल्यावर घाला. ओलं आहे हो. दोन दिवस ओलं राहील, ह्या दोन दिवसांत कुणीही पाऊल टाकलं तर पाऊल जसंच्या तसं उमटतं, आणि वाळलं की सालभर दिसतं — कुणाचं होतं ते सगळ्या गावाला कळतं. मशीनवाल्याला उठवा, त्यालाही सांगा.

या आता. आम्हाला काम आहे.